त्रेचाळिसावी वही

महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिना जिथे संपतो तिथे, माझी खोली आहे. तिला खिडकी नाही असे सगळे म्हणतात आणि मीही मान डोलावतो. पण माझ्यासमोर दोन पडदे असतात आणि त्या पडद्यांमागे एकसष्ट कोर्स. सत्र उघडण्याआधीचे दोन आठवडे मी या एकसष्ट खोल्या झाडूनपुसून ठेवतो: मागच्या वर्षीच्या तारखा उतरवतो, तुटलेल्या लिंक जोडतो, शिक्षकांच्या हाती किल्ल्या देतो आणि शेवटी विद्यार्थ्यांची यादी आत सोडतो. मग दुपारच्या संथ वेळी कुणीतरी कुठेतरी एखादे पान उघडते आणि माझ्या पडद्यावर बारीक हिरवा ठिपका उमटतो. थोड्या वेळाने दुसरा. समोरच्या डोंगरावर घरोघरी दिवे लागत जावेत, तसे. कुणाच्याही दारात न जाता साऱ्या गावाची जाग कळावी असे हे काम आहे, आणि माझ्या स्वभावाला ते मानवते.

शेजारच्या टेबलावर ताई बसतात. त्या परीक्षांचे काम सांभाळतात आणि उरलेल्या वेळात मला. त्यांनी मला कासव असे नाव ठेवले आहे. दारात कुणी आले की माझी मान आपसूक खांद्यांत जाते, असे त्यांचे निरीक्षण.

"कासवा, डोकं बाहेर काढ," सत्राआधीच्या एका दुपारी त्या म्हणाल्या. "भूगोलाच्या बाई आल्यात."

बाई दारात उभ्या होत्या. उंच, कोरड्या आवाजाच्या, खांद्यावर जुनी कापडी पिशवी. पंचवीस वर्षे त्यांनी सारे काही कागदावर शिकवले होते. या सत्रापासून त्यांचा 'नदीचा अभ्यास' हा कोर्स आमच्याकडे यावा, असा वरून आदेश होता.

"मला दोनच गोष्टी हव्यात," त्या म्हणाल्या. "एक, वह्या तपासताना मुलांची नावं दिसायला नकोत. नाव दिसलं की चेहरा दिसतो, आणि चेहरा दिसला की माझं पेन घसरतं. दुसरी, मुलांना ते पान जसं दिसेल तसं मला आधी दाखवा. माझ्या घरात पाहुण्याला कुठे ठेच लागते ते मला ठाऊक हवं."

"दोन्ही होईल," मी म्हणालो.

"बोलतात की हे," बाई ताईंकडे वळून म्हणाल्या.

"आजचा शिधा संपला आता," ताई म्हणाल्या.

नावे झाकण्याची सोय होतीच. वर्गात बेचाळीस विद्यार्थी होते. प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला, आणि कोणता क्रमांक कुणाचा हे फक्त आमच्या खोलीतून दिसेल अशी व्यवस्था झाली. दुसरी गोष्ट आमच्या नेहमीच्या कामातली. नवा कोर्स तयार झाला की आम्ही त्यात एक खोटा विद्यार्थी बसवतो. त्याला चाचणी खाते म्हणतात. त्याच्या डोळ्यांनी पान पाहायचे, त्याच्या हाताने एक फाइल पाठवून बघायची, आणि पहिल्या तासाआधी त्याला काढून टाकायचे. कामाच्या यादीत ही शेवटून दुसरी ओळ आहे. यंत्रणेला खरेखोटे कळत नसल्यामुळे तिने त्याला पुढचा क्रमांक दिला: त्रेचाळीस.

बाईंनी पानावर दोन गोष्टी आधीच लिहून ठेवल्या होत्या. वर सूचना: सत्राच्या शेवटी ज्या चौघांच्या निरीक्षणवह्या उत्तम ठरतील, ते चार विद्यार्थी माझ्याबरोबर नदीच्या उगमापर्यंत मोजणीला येतील; जीपमध्ये चारच जागा आहेत. आणि खाली पहिल्या आठवड्याच्या वहीचा प्रश्न: लहानपणी पाहिलेल्या एका वाहत्या पाण्याविषयी लिहा.

रिकामी फाइल यंत्रणा स्वीकारत नाही. अशा वेळी ताई 'क ख ग' लिहून मोकळ्या होतात, आणि मीही तीन वर्षे तेच करत आलो होतो. त्या दुपारी मात्र बोटांनी माझे ऐकले नाही. आमच्या घरामागून एक ओहोळ वाहत असे. त्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना होता आणि माझे वडील तिथे रंगारी होते. ज्या दिवशी ज्या रंगाचा हौद धुतला जाई, त्या दिवशी पाणी त्या रंगाचे. सोमवारी निळे, मंगळवारी विटकरी, आणि आठवड्याच्या शेवटी सगळे हौद एकदम धुतले जात तेव्हा कोणत्याही रंगाला नाव नसलेले. आम्हा मुलांना वार पाण्यावरून कळत. एवढे मी लिहिले आणि पाठवून दिले.

त्या आठवड्यात एकसष्ट कोर्स उघडायचे होते. यादीतल्या शेवटून दुसऱ्या ओळीवर मी खूण केली आणि खाते काढायचे राहून गेले. पहिल्यांदा ती निव्वळ चूक होती. एवढे तरी माझ्या बाजूने म्हणता येईल.

चूक लक्षात आली तेव्हा मी त्रेचाळीसला काढण्यासाठीच त्याचे पान उघडले. तिथे बाईंचा शेरा येऊन बसला होता. 'क्रमांक ४३: रंग चांगले सांगितलेत. पण पाण्याला आधी उतार असतो, मग रंग. ओहोळ कोणत्या दिशेला वाहत होता?'

मला आठवेना. रोज ज्याच्या काठावर बसलो त्या पाण्याची दिशा मला सांगता येईना. पडद्यावरचे काढून टाकण्याचे बटण आणि बाईंचा प्रश्न यांच्यात चार बोटांचे अंतर होते. मी पान तसेच मिटले आणि घरी गेलो.

घरी आम्ही तिघे असतो. कारखाना बंद झाल्यापासून वडील फारसे बोलत नाहीत. संध्याकाळी खुर्चीत बसून स्वतःचे तळवे पाहतात. नखांच्या कडांना अजून निळसर झाक आहे.

"बाबा, आपल्या मागचा ओहोळ कुठल्या दिशेला वाहायचा?"

"कारखान्याकडून आपल्याकडे."

"ते माहितीये. पण दिशा?"

वडील उठले. खोलीच्या मध्यभागी उभे राहिले, जणू भिंती नाहीतच. "हौद धुताना सकाळचं ऊन पाठीवर असायचं," ते हळूहळू म्हणाले, "आणि पाणी समोर पळायचं. म्हणजे पश्चिमेला." मग थोडे थांबून, "निळं पाणी जास्त पळायचं. लाल जड असतं."

"तीस वर्षं संसार केला," आई आतून म्हणाली, "एवढं एका दमात माझ्याशी नाही बोलले कधी. आज पाझर कसा काय फुटला?"

पुढच्या शुक्रवारी मी त्रेचाळीसच्या नावावर दिशा लिहिली. आता ती चूक उरली नव्हती.

असे बारा आठवडे गेले. बाई दर सोमवारी प्रश्न ठेवत: पाण्याचा आवाज कसा होता, तळाशी काय होते, काठावर कोण उभे राही, पाणी काय वाहून आणी आणि काय मागे ठेवी. मी संध्याकाळी वडिलांना विचारी. ते डोळे मिटून उत्तर देत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, हिरवे ठिपके तुरळक झाले की, मी ते लिहून काढी. लिहिताना खोली बदलत असे. टेबलाच्या पायांपाशी पाणी चढते आहे, खुर्चीची चाके हलकेच तरंगताहेत, ताईंची फाइलींची कपाटे निळ्या प्रवाहात उभी आहेत आणि ताईंना त्याची काही खबर नाही, असे वाटे. मग फोन वाजे, कुणाचा तरी पासवर्ड हरवलेला असे, आणि पाणी ओसरून जाई. जमीन कोरडी ठणठणीत. सोमवारी बाईंचा शेरा येई. त्या स्तुती करत नसत. एखाद्या वाक्यावर बोट ठेवून 'इथे थांबा, पुन्हा पाहा' एवढेच म्हणत. आयुष्यात मला पुन्हा पाहायला कुणी सांगितले नव्हते.

आठव्या आठवड्यात बाईंनी त्रेचाळीसची वही सगळ्या वर्गासाठी उघडली. वर लिहिले: 'वाचा. असे पाहता आले पाहिजे.'

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली आली. भूगोलाच्या वर्गातली ही मुलगी दर आठवड्याला येई, कारण तिच्या जुन्या फोनवरून फाइल कधी धड जात नसे. चष्म्याची एक काडी तिने दोऱ्याने बांधली होती.

"दादा, गेली का?"

"गेली."

"तेवढं एक सांगा. त्रेचाळीस कोण आहे?"

माझी मान खांद्यांत गेली. "नावं झाकलेली आहेत."

"आम्हाला. तुम्हाला दिसतात." ती टेबलावर कोपरे टेकून उभी राहिली. "वर्गात आम्ही बेचाळीस आहोत. मी बाकं मोजलीत. हा कोण मग, कधी वर्गात न येणारा? घरी बसून लिहितो आणि आमच्या डोक्यावर मिरे वाटतो."

"चांगलं लिहितो का?" मी विचारले, आणि विचारताच कानांच्या पाळ्या तापल्या.

"तेच तर." ती चष्मा पुसू लागली. "वाचलं आणि राग आला. मी रोज सकाळी नदीच्या घाटावर जाते, पायरी मोजते, पाणी किती बोटं चढलं लिहिते. आणि हा पठ्ठ्या नसलेल्या पाण्याबद्दल लिहून पुढे. पण मी सोडणार नाही. मला ती जागा हवीये, दादा. घर, कॉलेज, घर. नदी पाहिली ती या एका घाटावरून. ती सुरू कुठून होते ते एकदा बघायचंय."

ती गेल्यावर ताईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

बारावी वही पाठवली त्याच्या पुढच्या बुधवारी बाई आमच्या खोलीत आल्या. त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. त्यावर चार आकडे: सात, एकोणीस, अठ्ठावीस, त्रेचाळीस.

"यांची नावं उघडा. उद्या दुपारी यादी लावायची आहे." निघताना त्या दारात रेंगाळल्या, हे त्यांच्या रीतीला धरून नव्हते. "त्या त्रेचाळीसला मला भेटायचं आहे. बारा आठवडे मी त्याच्याशी बोलते आहे. वर्गात शोधते, मागच्या बाकांवर. एकाही तोंडावर तो ओहोळ दिसत नाही."

बाई गेल्यावर मी गुणांचे पान उघडले. चौथा त्रेचाळीस होता. पाचवा एकतीस, अर्ध्या गुणाने मागे. एकतीस कुणाचा हे पाहण्यासाठी मला काही उघडावे लागले नाही. रोज पाण्याची बोटे मोजणारे कोण आहे हे मला ठाऊक होते.

"तू आहेस ना तो?" ताई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची सरकवून माझ्या शेजारी आणली होती.

मी मान डोलावली.

"मला आठव्या आठवड्यातच कळलं. तुझ्या बाबांची निळी नखं मी पाहिलीत." त्यांनी उसासा सोडला. "आता शहाण्यासारखं कर. खातं काढून टाक. एक क्लिक. बाईंना सांग, त्रेचाळीसने कोर्स सोडला. एकतीसला जागा मिळेल, कुणाचंही काही जाणार नाही."

"बाई त्याला शोधतील."

"शोधू दे. नसलेला माणूस सापडतो कुठे?"

"आणि ती मुलगी?"

"तिचं काय? जाईल की जीपमधून, मजेत."

"पण ती चौथी आहे, ताई. पहिल्यापासून चौथीच होती. मी तिला पाचवी केलं. मी खोटं सांगितलं तर कुणीतरी जागा सोडली म्हणून आपली वर्णी लागली, असंच तिला कायम वाटेल."

ताईंनी दार लोटून घेतले. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "कासवा, विद्यार्थी म्हणून खोटं नाव लावणं ही साधी गोष्ट नाही. बाईंनी वर तक्रार केली तर ही खुर्ची जाईल."

"माहितीये."

"आणि खातं तर तसंही काढावंच लागेल. त्याच्या वह्या जातील, बाईंचे शेरेही जातील त्याबरोबर. निदान ते उतरवून तरी घे."

मी ते शेरे पुन्हा वाचत बसलो. उतरवून घेणे सोपे होते. पण ते एका विद्यार्थ्याला लिहिलेले होते, आणि मी तो विद्यार्थी नव्हतो. परक्याच्या नावावर आलेले पत्र खिशात घालावे, तसे ते झाले असते. बारा आठवड्यांची निळी दुपार पडद्यावर पसरली होती आणि मी तिच्यातला एक थेंबही हाती न घेता पान मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या खोलीत गेलो. भिंतीवर नकाशे होते. त्यांतल्या नद्या पेन्सिलीने पुन्हा पुन्हा गिरवून जाड झालेल्या. बाई वह्यांवर वाकल्या होत्या.

"बसा. नावं आणलीत?"

"तीन आणलीत," मी उभ्यानेच म्हणालो. "चौथं नाव नाही. त्रेचाळीस हा विद्यार्थी नाही, बाई. ते चाचणी खातं आहे. मी काढायला हवं होतं, ते काढलं नाही. वह्या मी लिहिल्या. चौथी जागा एकतीसची आहे. ती मुलगी रोज काठावर जाते."

एवढे लांब बोलणे मी पाठ करून आलो होतो. बाईंनी पेनाला टोपण लावले.

"बारा आठवडे," त्या म्हणाल्या, "मी एका मुलाशी बोलत होते."

"हो."

"पुढच्या वर्षी त्याला काय शिकवायचं हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं." त्यांचा आवाज चढला नाही, आणि ते मला अधिक लागले. "मी नावं का झाकते माहितीये तुम्हाला? कुणावर अन्याय होऊ नये म्हणून. तुम्ही त्या पडद्याआड येऊन बसलात."

"हो, बाई."

"अर्ध्या गुणाने एक मुलगी खाली गेली असती."

"म्हणूनच आलो."

मग त्यांनी आपला संगणक माझ्याकडे वळवला. "काढा. माझ्यासमोर काढा."

मी माझ्या खात्याने आत शिरलो. त्रेचाळीस निवडला. यंत्रणेने तिच्या नेहमीच्या निर्विकार भाषेत विचारले: या विद्यार्थ्याचे सर्व लेखन आणि त्यावरील शेरे कायमचे पुसले जातील, पुढे जायचे का?

"माझे शेरेही?" बाईंनी विचारले.

"हो."

"तुम्ही ठेवलेत का कुठे?"

"नाही. ते त्याला लिहिलेले होते."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या दिवसापर्यंत त्यांनी मला पाहिले होते ते टेबलामागे बसलेला माणूस म्हणून. आता त्या उतार पाहत होत्या, वळणे पाहत होत्या. मी बटण दाबले. यादी एकदा लुकलुकली आणि बेचाळीसवर स्थिर झाली. मग मी चौथ्या जागेवर एकतीस क्रमांक घातला, झाकलेले नाव उघडले, आणि चष्मेवालीचे नाव पानावर उमटले. बाईंनी ते कागदावर उतरवून घेतले.

"वर कळवावं लागेल मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही आपणहून सांगितलंत, हेही लिहीन. पुढे ते ठरवतील."

"बरं, बाई."

मी दाराशी पोहोचलो होतो.

"बाराव्या वहीवर मी शेरा दिला नव्हता," बाई मागून म्हणाल्या. "म्हटलं, भेटेल तेव्हा तोंडीच सांगू."

मी वळलो. बारावा प्रश्न होता: ते पाणी आता कुठे आहे? मी लिहिले होते की कारखाना पाडला, ओहोळ नळात घालून रस्त्याखाली गाडला, आणि ते पाणी आता कुठेच नाही.

"राहू दे, बाई. ती वही आता नाहीच."

"वाचलीये मी. वाचलेल्यावर बोलणं माझं काम आहे." त्यांनी पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले. "कुठेच नाही, असं तुम्ही लिहिलंत. ते दुःखाचं उत्तर आहे, भूगोलाचं नाही. पाणी कुठेच नाही असं कधी होत नसतं. रस्त्याखाली नळ असेल तर त्याला दुसरं तोंड असणारच. ते तुम्ही शोधलं नाहीत. रस्त्याच्या कडेकडेने खालच्या अंगाला चालत जा. जाताना वडिलांना बरोबर घ्या. जमीन कुठे खाली जाते ते त्यांच्या पायांना कळेल. आणि तिथे पोचल्यावर आधी पाण्याकडे बघू नका, आधी..."

"बाई, थांबा," मी म्हणालो. माझाच आवाज मला नवा वाटला. मी खिसे चाचपले. पेन होते, कागद नव्हता. बाईंनी आपल्या वहीतले एक कोरे पान फाडून टेबलावर माझ्या बाजूला सरकवले. मी समोरच्या खुर्चीत बसलो, पान सरळ केले. "पहिल्यापासून सांगाल का? लिहून घेतो."

"सावकाश लिहा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.